बहरीनच्या किल्ल्यावर गारद

आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा मला राग येतो. पूर्वी यायचा असं नाही, आजही येतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्याचा नुसता ‘सुप्रभात’ दिसला तरी माझा चहा कडू होतो. नवरा म्हणतो, सोडून दे, माणूस वाईट नाही. नसेल वाईट. मला काही त्याचा न्यायनिवाडा करायचा नाही. मला राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

सेक्रेटरी मूळचा पुण्याचा, इथे बहरीनमध्ये बँकेत मोठ्या हुद्द्यावर. राहतो जुफैरला, उंच टॉवरमध्ये. त्याच्या बाल्कनीतून परदेशी नौदलाचा तळ दिसतो. कमिटीची मीटिंग त्याच्याकडे असली की तो सगळ्यांना आधी बाल्कनीत नेतो आणि कुठलं जहाज कशासाठी असतं ते असं सांगतो की जणू तीही त्याच्याच सहीने बंदराबाहेर पडतात. लोक माना डोलावतात, कारण आत बटाटेवडे तळायला घेतलेले असतात. मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना तो ‘वहिनी’ म्हणतो. मला ‘मॅडम’ म्हणतो. मी वसईची ख्रिस्ती, म्हणून वहिनी कशी होणार, हे त्याने मनातल्या मनात कधीतरी ठरवून टाकलं असावं. सुरुवातीला मला वाटायचं की तो हॉस्पिटलच्या नोकरीमुळे मान देतोय. मग एक नवीन नर्स आली, नाशिकची, माझ्याच हॉस्पिटलातली. ती दुसऱ्या भेटीत वहिनी झाली.

आम्ही नईमला राहतो, जुन्या इमारतीत, खाली इस्त्रीवाला आणि समोर मोबाइल दुरुस्तीची दुकानं. मी एक्स-रे विभागात आहे, नवरा हॉटेलात. त्याच्या शिफ्ट अशा की घरात आम्ही एकमेकांना बहुतेक वेळा झोपलेलं पाहतो. मुलगी एकच, इथेच जन्मलेली. मंडळाची वर्गणी मी भरते ती तिच्यासाठी. मला ना हळदीकुंकवाची हौस, ना त्या नाट्यछटांची. पण मराठी बोलणारी माणसं एका ठिकाणी जमतात अशी या शहरात ती एकच जागा आहे, आणि मला मुलीच्या कानावर मराठी पडायला हवी होती.

मुलीला मराठी कळायची, शेजारच्या घरातली भांडणं भिंतीतून कळतात तशी. उत्तर मात्र इंग्रजीत. जेवायला ये म्हटलं की ‘कमिंग’, मीठ जास्त झालंय का म्हटलं की ‘इट्स फाइन’. मी कधी रागावले, कधी लाडीगोडी केली, कधी आठवडाभर अबोला धरला. अबोल्याचा तर काहीच उपयोग झाला नाही, कारण तिला तो कळलाच नाही. पुढच्या वर्षी ती कॅनडाला शिकायला जाणार होती. एकदा विमानात बसली की संपलं, हे मला दिसत होतं. ती जायच्या आधी मराठी तिची व्हावी, मला एवढंच हवं होतं. तिला लिहिता यावं, निबंध यावा, असलं काही मी मागत नव्हते. फक्त तिची व्हावी.

आणि ते जमायला लागलं होतं. किल्ल्यांमुळे.

शाळेत तिला इथल्या एखाद्या ऐतिहासिक जागेवर प्रोजेक्ट करायचा होता. मी तिला शुक्रवारी चर्चमधून परस्पर आरादच्या किल्ल्यावर नेलं. तो तिला बेकरीतल्या केकसारखा वाटला, फार नीटनेटका. मग रिफाचा पाहिला, टेकाडावरचा, खाली दरी असलेला. तिथे तिने अर्धा तास नुसतं भिंतीतल्या फटींना डोळा लावून काढला. बंदूक कुठून रोखायची, समोरच्याला आपण दिसणार कसे नाही, हे ती मला समजावत होती. आणि शेवटी समुद्रकाठचा मोठा, ज्याला सगळे बहरीनचा किल्ला म्हणतात तो. आमच्याकडून जिदहफ्सच्या बाजारातून पुढे गेलं की खजुराच्या बागा लागतात आणि मग तो दिसतो. तिथे ती अडकली. पुढचे किती शुक्रवार आम्ही तिथे गेलो त्याचा हिशेब नाही. मी सावलीला भिंतीला टेकून बसायची आणि ती फिरायची. खंदकात उतरायची, बुरुजावर चढायची, खजुराचा रस काढायच्या खोलीत उकिडवी बसून जमिनीतल्या पन्हळींवर बोट फिरवायची.

तिला सगळ्यात आवडली ती तापाची लढाई. पोर्तुगीज जहाजं घेऊन आले, किल्ल्यावर तोफा डागायला लागले, आणि मध्येच त्यांचा दारूगोळा संपला. नवीन दारू यायची वाट बघत बसले तर त्यांच्यात तापाची साथ आली. माणसं पटापट मरायला लागली आणि शेवटी ते हात हलवत परत गेले. पुढे त्यांनी किल्ला घेतला, बांधला, वाढवला, तो भाग वेगळा. पण पहिल्यांदा त्यांना हरवलं ते तापाने. मी जन्मभर हॉस्पिटलात काढलेली बाई, मला ही गोष्ट लगेच पटली.

एकदा परत येताना गाडीत तिने मला विचारलं, सीजला मराठीत काय म्हणतात. मी म्हटलं, वेढा. तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. मग गनपावडर, मग मोट. मी म्हटलं, दारू आणि खंदक. दारूवर ती खूप हसली. हे शब्द मला कुठून माहीत, हे तिला कळेना. मी मराठी शाळेत शिकले. चौथीचं इतिहासाचं पुस्तक सगळं महाराजांवर होतं आणि ते मला अजून तोंडपाठ आहे. शिवाय आमच्या वसईलाही पोर्तुगिजांचा किल्ला आहे. आम्ही लहानपणी त्यातल्या पडक्या चर्चांमध्ये लपाछपी खेळलोय. मी तिला ते सांगत गेले आणि ती विचारत गेली. कधी तिचं वाक्य मराठीत आलं ते मलाही कळलं नाही. कळलं तेव्हा मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिले, न जाणो तिच्या लक्षात आलं तर बंद करेल.

त्याच सुमाराला सेक्रेटरीने मंडळाची ‘गडकोट सहल’ जाहीर केली. दर वर्षी कुठल्यातरी स्विमिंग पूलवर जायचं, बिर्याणी खायची, याचा त्याला कंटाळा आला होता. किल्ल्याची माहिती कोण सांगेल, असं त्याने ग्रुपवर विचारलं. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, सांगेन, मराठीत. मी तिला मराठीत सांग म्हटलं नव्हतं, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

मग ती तयारीला लागली. मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत असले की ती दारात उभी राहून बोलायची आणि मी नुसतं ‘हं’ म्हणायची. तिची मराठी म्हणजे माझीच मराठी, वसईची. आमच्याकडे ‘ळ’ निम्मा वेळ ‘ल’ होतो. तिचाही व्हायला लागला. मी काही सुधारलं नाही. माझ्या घरात तो तसाच बोलला जातो, तर तिने तरी पुस्तकातला कुठून आणायचा. शेवटचं वाक्य तिने स्वतः ठरवलं होतं: माझ्या मम्मीच्या गावात असाच किल्ला आहे, म्हणून हे दोन्ही किल्ले माझे आहेत. हे ऐकून मी नळ मोठा सोडला आणि तोंड धुतलं.

सहलीचा दिवस जानेवारीतला शुक्रवार. नवऱ्याला ड्युटी होती. मी चर्च चुकवून बसमध्ये बसले. सेक्रेटरी भगवा फेटा बांधून आला होता. सोबत लांब पिशवी, तिच्यात काठी आणि झेंडा. मला वाटलं फोटोसाठी असेल. बसमध्ये अंताक्षरी झाली, चिवड्याची पाकिटं फिरली. मुलगी खिडकीशी बसून ओठ हलवत होती.

किल्ल्यात मधल्या चौकात सगळे गोल उभे राहिले. वारा समुद्राकडून येत होता, थंडी बेताची. मुलगी पायरीवर चढली आणि बोलायला लागली. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला, मग सुटला. ज्या टेकाडावर आपण उभे आहोत त्याच्या पोटात एकावर एक गावं गाडली गेली आहेत, हे तिने सांगितलं आणि दोन-तीन जणांनी पायाखाली पाहिलं. मग तापाच्या लढाईला आली. मंडळातली पोरं, जी एरवी फोनमधून डोकं काढत नाहीत, तीही ऐकत होती. कारण त्यांच्यासारखीच एक मुलगी मराठीत बोलत होती आणि तिचं काही बिघडत नव्हतं. मी मागे उभी होते. मला वाटलं, झालं, हिची झाली.

पोर्तुगीज सैनिक किनाऱ्यावरच्या वाळूत पडून मेले, हे सांगताना ती ‘वालूत’ म्हणाली. सेक्रेटरीने हात वर करून तिला थांबवलं आणि सगळ्यांसमोर ‘ळ’ म्हणून दाखवला. टाळूला जीभ लाव, असंही सांगितलं. तिने तो एकदा म्हटला, त्याने अजून एकदा म्हणायला लावला. लोक कौतुकाने हसले. कौतुकाने, हे मी मान्य करते, पण हसले. ती पुढे बोलायला लागली, जरा घाईने. मधलं बरंच गाळून ती शेवटाकडे गेली. माझ्या मम्मीच्या गावात असाच किल्ला आहे, एवढं तिने म्हटलं आणि श्वास घेतला.

तेवढ्या श्वासात हा घुसला. ‘आहे ना! आणि तो आपण घेतला!’ असं म्हणून तो पायरीवर तिच्या शेजारी चढला. तिला खाली उतरावं लागलं, पायरी तेवढीच रुंद होती. मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. वसईची मोहीम, सुरुंग, दलदल, फिरंग्यांनी कशी शरणागती पत्करली. सगळं खरं आहे, मीही शाळेत तेच शिकले आणि तेव्हा मलाही ‘आपण’ जिंकलो असंच वाटलं होतं. पण शिकवताना आमच्या बाई वर्गातल्या कोणाकडे बोट दाखवत नव्हत्या. याने दाखवलं. ‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘तुमच्या चर्चच्या घंटा आजही आमच्या देवळांत वाजतात, ठाऊक आहे ना?’

लोक पुन्हा हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घंटा मला ठाऊक आहेत, वसईत कोणाला ठाऊक नाहीत? आमचे पूर्वज काही जहाजातून उतरले नव्हते. तिथलेच होते, केळी आणि पानवेली लावणारे. पोर्तुगीज आले तेव्हा वाडीत पाणी सोडत होते, मराठे आले तेव्हाही सोडत होते, आणि दोघांनीही वसुली त्यांच्याकडूनच केली. हे त्या चौकात समजावून सांगायला बसले असते तर सहलीच्या डब्यांतले वडे गार झाले असते. मी एवढंच म्हटलं की तिचं संपलेलं नाही, तिला बोलू द्या. तो म्हणाला, दोन मिनिटं मॅडम, आधी मानवंदना.

आणि त्याने पिशवीतून झेंडा काढला. काठीला लावला, बुरुजाच्या पायऱ्या चढला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आपल्याकडे ट्रेकवाले गडावर गेले की महाराजांची गारद देतात, एकजण एकेक बिरुद म्हणतो आणि बाकीचे जयजयकार करतात, तशी त्याने गारद सुरू केली. राजगडावर, रायगडावर ती ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. महाराजांबद्दल मला कोणाकडून शिकायचं नाही. पण हा किल्ला महाराजांनी पाहिलाही नव्हता. हा इथल्या लोकांचा, त्यांच्या देशातला, ज्यांच्या व्हिसावर आम्ही दोन घास खातो त्यांचा. मराठी माणसाला चार दगड एकावर एक दिसले की त्याला आपला गडच दिसतो. सगळ्यांनी जयजयकार केला. खच्चून, एकदा, मग दुसऱ्यांदा. पलीकडे एक अरब कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी लेकरांना जवळ ओढलं आणि ते बाहेर गेले.

गार्ड धावत आला. इथलाच तरुण मुलगा, हातात वॉकीटॉकी. या देशात घोषणा आणि झेंडे हा खेळ नाही, हे इथे वर्षभर राहिलेल्यालाही कळतं. त्याने वरच्याला खाली यायची खूण केली आणि इंग्रजीत विचारलं, कोण जबाबदार आहे.

सेक्रेटरी खाली आला तोवर फेटा काखेत गेला होता. बाल्कनीतून नौदल चालवणारा हा माणूस ‘सॉरी सर, सॉरी सर’ म्हणत होता. आणि मग त्याने माझ्याकडे हात केला. म्हणाला, या मॅडमनी सगळं ठरवलं, यांची मुलगी आमची गाइड आहे.

मी आजूबाजूला पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीची ती माणसं, ज्यांच्या आईबापांचे एक्स-रे मी रांगेत न थांबवता काढून दिले, ती मूग गिळून उभी होती. कोणी चपलेतला खडा काढत होतं, कोणी पाण्याची बाटली शोधत होतं. गार्डने माझं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितलं. इथे ते कार्ड म्हणजेच माणूस. माझा व्हिसा हॉस्पिटलचा आणि मुलीचा माझ्यावर. मी कार्ड दिलं. सेक्रेटरी मला म्हणाला की तो सगळ्यांना बसमध्ये बसवून घेतो, मी इथलं आटोपून यावं. इंशाल्ला काही होणार नाही, असंही म्हणाला. मी त्याला म्हटलं, ‘शेपूट घालून पळताय ते पळा, निदान फेटा तरी इथे ठेवून जा.’ त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. चौक भराभर रिकामा झाला. जाताना एकीने माझ्या मुलीच्या पाठीवर थोपटलं आणि छान बोललीस गं म्हणाली.

राहिलो आम्ही तिघं. गार्ड वॉकीटॉकीवर कोणाशी तरी अरबीत बोलला, मग थांबला, मग पुन्हा बोलला. माझं कार्ड त्याच्या अंगठ्याखाली होतं. त्याने विचारलं, हे काय होतं, प्रार्थना की निदर्शनं? मी बोलायला गेले तर वाक्य जुळेना.

मुलगी पुढे झाली. शाळेतलं अरबी आणि इंग्रजी मिसळून तिने त्याला सगळं नीट सांगितलं. भारतात जुन्या काळी एक राजा होता, मोठा, ही माणसं त्याला फार मानतात, किल्ल्यावर गेली की त्याचं नाव घेतात, त्यात भांडण नसतं. गार्डने विचारलं, तो राजा इथे आला होता का? ती म्हणाली, नाही. मग इथे का ओरडले? ती म्हणाली, मला माहीत नाही. तो थोडा सैल झाला. त्याला हसू येत होतं आणि त्याला ते दाखवायचं नव्हतं. पुढच्या वेळी परवानगी घ्या, झेंडा आणू नका, एवढं म्हणून त्याने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

मी तिच्याकडे बघत होते. सकाळी बसमध्ये ओठ हलवणारी ती, आणि ही. आवाजात कंप नव्हता, घाई नव्हती. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता आणि वाटलाही. मी तिला मराठीत म्हटलं की बाळा, राहिलेलं शेवटचं वाक्य मला सांग, मी ऐकते, इथेच सांग. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गार्डच्या कानाला आमचं बोलणं नवीन असावं. ते ओरडत होते ती पण हीच भाषा का, त्याने सहज विचारलं, ही हिंदी आहे का?

‘नाही,’ माझी मुलगी त्याला इंग्रजीत म्हणाली. ‘ही त्यांची भाषा आहे. मराठी.’

त्याने मान हलवली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.